दोघांची होडी

आमच्या मालवणला सूर्य समुद्रात मावळतो. चेन्नईत तो समुद्रातून उगवतो. 2003 साली पत्नीची बँकेतली नोकरी आम्हां तिघांना त्या शहरात घेऊन गेली, तेव्हा कितीतरी महिने मला समुद्र चुकीच्या बाजूला ठेवल्यासारखा वाटत असे. मी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांवर काम करत होतो. महिन्यातून आठ दिवस तिकडे आणि उरलेले दिवस बेझंट नगरातल्या घरी, असा माझा क्रम होता. घरापासून किनारा चालत दहा मिनिटांवर होता.

मालवणात वाढूनही मी होडीत कधी बसलो नव्हतो, हे सांगितले तर कोणाला खरे वाटत नाही. वडील शाळेत शिक्षक होते. समुद्र पाहावा, त्यात जाऊ नये, असा त्यांचा दंडक होता. नारळी पौर्णिमेला सारे गाव बंदरावर लोटे, तांडेल होड्या सजवून उभे असत आणि मी वडिलांचे बोट धरून नारळ टाकून परत येई. तेव्हा होडीची हौस मूळची कोणाची, माझी की माझ्या मुलीची, हा प्रश्न पुढे सौभाग्यवतीने विचारला, तो अगदीच अनाठायी नव्हता.

मुलीच्या बाजूने मात्र एक वेगळेच कारण होते. 26 डिसेंबर 2004 हा रविवार. दर रविवारी सकाळी मायलेकी किनाऱ्यावर फिरायला जात. त्या दिवशी मुलीला ताप होता म्हणून त्या गेल्या नाहीत. सुनामीचे पाणी ओसरल्यावर दुपारी मी किनाऱ्याकडे गेलो. मच्छीमारांच्या वस्तीला तिकडे कुप्पम म्हणतात. तेथे नावा, जाळी आणि घरांचे सामान यांची एकच रास झाली होती. मी काय पाहिले ते घरी सांगितले नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला घरातले मौन बरोबर वाचता येते. तिने किनाऱ्यावर जाणे सोडले. समुद्राच्या दिशेची खिडकीही ती लावून घेई.

आमच्या खालच्या मजल्यावर नौदलातून निवृत्त झालेले एक वृद्ध तमिळ गृहस्थ राहत. मुलगी त्यांना तात्ता म्हणे. तमिळमध्ये आजोबांना तात्ता म्हणतात. त्यांनी तिला लहान मूल म्हणून कधी वागवले नाही. एकदा तिने त्यांना विचारले, की त्या दिवशी जे मासे पकडायला दूर गेले होते त्यांचे काय झाले? त्यांनी सांगितले, की त्यांच्यापैकी पुष्कळांना काही कळलेसुद्धा नाही. खोल समुद्रात सुनामीची लाट शेकडो किलोमीटर लांब असते, पण उंचीने अगदी थोडी. त्या दिवशी हिंदी महासागरावरून गेलेल्या एका उपग्रहाने भर समुद्रात ती मोजली, तेव्हा ती साठेक सेंटिमीटर भरली होती. किनाऱ्याजवळ, उथळ पाण्यात येताना ती उभी राहते. मुलगी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “म्हणजे होडीत असतात ते वाचतात.”

या तर्कातला दोष तिला कोणीच दाखवला नाही. मला तो दाखवायचा नव्हता, आणि तात्तांनी तिला पोहायला शिकवण्याची अट घालून तो पुढे ढकलला. दीड वर्ष ती पोहायला शिकली. आठ वर्षांची झाली आणि तिने अट पूर्ण झाल्याचे जाहीर केले. आता होडी हवी होती, आणि माझ्या मनात तिचे चित्र पक्के होते: शिडाची लहान होडी, सुकाणू माझ्या हातात, पुढे मुलगी, आणि दोघांच्या मध्ये ऐसपैस गप्पा.

चेन्नईत शिडाच्या होड्या बंदरात चालतात. याला कारण आहे. या किनाऱ्याला नैसर्गिक बंदर असे नाही. किनारा सरळ, आडोसा कुठेच नाही, आणि लाटा थेट येऊन फुटतात. जुन्या मद्रासेत जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत आणि प्रवासी मसुला नावेतून किनाऱ्याला येत. मसुला नावेत खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. लाटेचा तडाखा बसला की खिळ्यांची नाव फुटते, शिवलेली नाव वाकते आणि टिकते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात समुद्रात दगडी बांध घालून बंदर तयार करण्यात आले. 1881 च्या चक्रीवादळाने त्याची मोठी नासधूस केली. विसाव्या शतकाच्या आरंभी सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी त्याला नवे रूप दिले आणि 1911 मध्ये त्याच बंदराच्या पाण्यात हौशी नाविकांसाठी रॉयल मद्रास यॉट क्लब सुरू केला. तेव्हापासून मोठमोठ्या मालवाहू जहाजांच्या सावलीत चिमुकली शिडे फिरत आली आहेत. आम्ही गेलो त्या दिवसांत बंदरात कोळसाही उतरत असे. कोळशाची ती वाहतूक 2011 मध्ये बंद झाली. पण तोपर्यंत पांढरे शीड पांढरे ठेवणे कोणाच्याच हाती नव्हते. आमच्या घरातल्या टॉवेलांनी त्याची साक्ष बरीच वर्षे दिली.

होडी निवडताना मी पुस्तकी माणूस करतो तेच केले: वह्या भरल्या. लांबी, वजन, शिडाचे क्षेत्रफळ, माणसे किती. तात्तांनी ती वही एकदा चाळून परत दिली. इंग्लंडमध्ये प्रशिक्षणाला असताना त्यांनी मिरर नावाची होडी पाहिली होती. बाप आणि मूल यांच्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही, असे त्यांचे मत होते. 1962 साली तेथील एका दैनिकाच्या पाठबळाने ती निघाली. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी तिची रचना अशी केली, की सामान्य माणसाला ती घरच्या गॅरेजमध्ये बांधता यावी. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर गोंद व काचतंतूची पट्टी बसवायची. लांबी 3.3 मीटर, वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास, लाल शीड. जगात अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. शिवलेली होडी म्हटल्यावर मला मसुला आठवली आणि मी हरखून गेलो. आपणच एक बांधावी असा विचार मी आठवडाभर बोलून दाखवला. ज्याच्या हाताने भिंतीत खिळा सरळ जात नाही त्याने हे बोलू नये, एवढेच घरातून उत्तर आले. तयार मिरर चेन्नईत आम्हांला कुठे मिळाली नाही.

मिळत होती ती एंटरप्राइज. हीही जॅक होल्ट यांचीच, 1956 सालची. भारतातल्या नौकाविहार क्लबांत ती बरीच वर्षे लोकप्रिय होती. चार मीटरांहून थोडी लांब, वजनाला सुमारे नव्वद किलो, निळी शिडे, दोन माणसांची. एक जुनी लाकडी एंटरप्राइज विकायची होती. किंमत आमच्या आवाक्यात होती. तिच्यात बसलो तर गुडघ्याला गुडघा लागत नव्हता, मुलीला पुढे ऐटीत बसता येत होते. मी मनातल्या मनात तिला नावही ठेवून टाकले. तात्ता एवढेच म्हणाले, “पैसे देण्याआधी ती एकदा उलटवून पाहा.” मला ही सूचना अशुभ वाटली. नवे घर घेताना ते आधी पाडून पाहा, असे कोणी म्हणते का?

2007 चा फेब्रुवारी महिना होता. तोवर मी बंदरातल्या एका प्रशिक्षकाकडून दोन महिने धडे घेतले होते. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे असतात. परीक्षेपुरते पाठ करून आपण ते सोडून देतो. चेन्नईत सारे शहर दुपारी खाऱ्या वाऱ्याची वाट पाहते. जमीन तापली की समुद्रावरची थंड हवा आत येते, घामेजलेल्या माणसाला बरे वाटते. लहान होडीला तर त्या वाऱ्याचा आणखी एक आधार असतो: काही बिघडले तरी तो किनाऱ्याकडे आणून सोडतो. पहाटेचा मतलई वारा मात्र गोड बोलत भर समुद्राकडे नेतो. म्हणून आम्ही दुपारची वेळ धरली. मुलगी आणि मी एंटरप्राइजमध्ये, तात्ता आणि प्रशिक्षक मोटार लावलेल्या बचाव-नौकेत मागे.

अर्धा तास मी आयुष्यात कधी नव्हतो इतका सुखी होतो. वारा पाठीमागून होता, निळे शीड एका बाजूला पूर्ण पसरले होते आणि मुलगी पुढे बसून जहाजांवरची नावे मोठ्याने वाचत होती. मी तिच्याकडे पाहत होतो, शिडाकडे नाही. सुकाणू किंचित वळले. वाऱ्याने शिडाची मागची बाजू धरली आणि शिडाखालचा आडवा वासा एका झटक्यात होडीच्या या कडेपासून त्या कडेला आला. तिने डोके खाली घातले, तसे तिला शिकवले होते. मी जिथे बसायला नको होते तिथेच बसून राहिलो. होडी कलली आणि मी पाण्यात होतो.

वर आलो तेव्हा होडी आडवी पडलेली होती, शीड पाण्यावर पसरले होते आणि मुलगी दिसत नव्हती.

किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. तात्ता म्हणाले, पाच-सहा सेकंद. ती शिडाखाली सापडली होती. अशा वेळी तळवा वर करून शिडाचे कापड उचलायचे, म्हणजे श्वासापुरती हवा मिळते, आणि शिडाच्या एका शिवणीला धरून कडेपर्यंत जायचे, हे तिला कोरड्या जमिनीवर, चादरीखाली, दहा वेळा करून दाखवले होते. तिने तेच केले. ती होडीच्या पलीकडच्या बाजूला बाहेर आली. मी अलीकडे होतो म्हणून मला ती दिसली नाही. तिचा आवाज तेवढा ऐकू आला. ती बचाव-नौकेकडे पाहून ओरडत होती, “तात्ता, बाबा कुठे आहे? बाबा खाली अडकलाय!”

तोवर एंटरप्राइजने पूर्ण पालथी पडून बूड आकाशाकडे केले. मी तिच्यावर चढलो, मधली फळी धरून मागे झुकलो, घसरलो, पुन्हा चढलो. मुलगी फळीला लोंबकळली. पण तिचे सव्वीस किलो वजन त्या होडीच्या खिजगणतीत नव्हते. अखेर प्रशिक्षकाने पाण्यात उडी घेतली तेव्हा ती सरळ झाली. धक्क्यावर आल्यावर तात्तांनी पहिल्यांदाच मला सरळ प्रश्न विचारला. “तिसरा माणूस नसता तर तुम्ही दोघांनी ही होडी उभी केली असती का?” वहीतल्या माझ्या रकान्यांत हा प्रश्न नव्हता. त्यानंतर मी पाहिले, की तो विचारला की बाकीचे रकाने आपोआप भरत जातात. होडी केवढी, किती वजनाची, कोणासाठी, हे सारे ती उलटल्यावर ठरते. ती चालत असताना सगळ्याच होड्या चांगल्या वाटतात.

घरी आल्यावर मी काहीच बोललो नाही. मुलीने मात्र रस्समभात कालवता कालवता आईला सगळे सविस्तर सांगितले, चादरीखालच्या सरावासह. सौभाग्यवती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारले, “ही हौस नक्की कोणाची आहे? तुमची की तिची?”

मी तंजावरला निघून गेलो. मोडीचे कागद समोर होते, पण त्यांतून काही वाचता येत नव्हते. मला दोघांची होडी हवी होती ती मुलीच्या सोबतीसाठी, असे मी समजत होतो. खरे तर मला ती हाताच्या अंतरावर हवी होती. सुनामीनंतर मी रात्री उठून तिच्या अंगावरचे पांघरूण चाचपत असे, त्याचेच ते दुसरे रूप होते. आणि ज्या क्षणी गरज पडली त्या क्षणी मी तिच्यापासून एका होडीच्या रुंदीएवढा दूर होतो, तेवढ्याने ती मला दिसतही नव्हती.

तात्तांनी सुचवलेली होडी मी आधी पाहिली होती आणि हसून सोडून दिली होती. तिचे नाव ऑप्टिमिस्ट, म्हणजे आशावादी. नाव मोठे आणि रूप पिठाच्या पेटीसारखे: पुढची नाळ निमुळती नसून सपाट कापलेली. 1947 साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लार्क मिल्स नावाच्या नौकाबांधणाऱ्याला अशी होडी हवी म्हणून सांगण्यात आले, की जी प्लायवूडच्या दोन तक्त्यांतून निघेल आणि साध्या घरच्या मुलांना परवडेल. दोन तक्त्यांत टोकदार नाळ बसेना, म्हणून ती सपाट राहिली. लांबी जेमतेम 2.3 मीटर, वजन 35 किलो, एकच शीड साडेतीन चौरस मीटरांहूनही लहान. चालवणारा एकच, आणि तोही पंधरा वर्षांपर्यंतचाच. आत हवेच्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात, त्यामुळे पाणी भरले तरी ती बुडत नाही. कुप्पममधले कट्टुमरमही असेच. कट्टु म्हणजे बांधणे, मरम म्हणजे लाकूड. बांधलेल्या ओंडक्यांत पाणी भरणार कुठे? इंग्रजीतला कॅटामरान हा शब्द याच तमिळ शब्दावरून गेला. सुनामीनंतर कुप्पममध्ये फायबरच्या नावा मोठ्या संख्येने आल्या आणि ओंडक्यांचे कट्टुमरम विरळ होत गेले. पण तेव्हा अजून चार-दोन किनाऱ्यावर दिसत. तात्तांनी मुलीला त्यावर बसवून ही गोष्ट समजावली होती.

मी परत आलो तेव्हा घरात निर्णय होऊन गेला होता, तोही माझ्याशिवाय. सौभाग्यवती म्हणाली, “ती पाण्यात कशी पडते ते मला पाहायचं आहे. मग ठरवू.”

सुनामीनंतर अडीच वर्षे तिने समुद्राच्या पाण्याजवळ पाऊल टाकले नव्हते. बंदराच्या फाटकावर पास दाखवताना तिचा हात थरथरत होता. धक्क्यावर ती उन्हात उभी राहिली, छत्री न उघडता. उसनी आणलेली ऑप्टिमिस्ट पाण्यात सोडली होती. नारिंगी जाकीट घातलेली मुलगी धक्क्यापासून पन्नासेक हात गेली, उभी राहिली, होडीच्या एका कडेवर दोन्ही पाय ठेवले आणि जाणूनबुजून होडी आपल्या अंगावर ओढून घेतली. सौभाग्यवतीने माझे मनगट धरले. होडी आडवी झाली. मुलगी पोहत वळसा घालून मधल्या फळीकडे गेली, तिच्यावर चढून उभी राहिली आणि कडेला धरून मागे झुकली. शीड पाण्यातून हळूहळू सुटले. होडी उभी राहिली तेव्हा काठोकाठ भरलेली होती. मुलगी आत शिरली आणि पाणी उपसू लागली. उपसायला तिळाच्या तेलाचा प्लास्टिकचा डबा होता, तिरका कापून दोरीने बांधलेला. तो आमच्याच स्वयंपाकघरातला आहे हे सौभाग्यवतीने तेथून ओळखले. “नवाच काढला होता,” ती म्हणाली.

मग तिने मुलीला हाक मारून सांगितले, “पुन्हा एकदा!” मुलीने तीन वेळा करून दाखवले.

पुढची सहा-सात वर्षे आमचे शनिवार-रविवार बंदरात गेले. मी बचाव-नौका चालवायला शिकलो आणि एका जुन्या एकट्याच्या होडीत स्वतःही पडत-उठत राहिलो. मुलीच्या आणि माझ्या होडीत निदान वीस हातांचे अंतर असे. गप्पा होत त्या ओरडून, आणि त्यांतल्या निम्म्या वारा घेऊन जाई. मोठ्या स्पर्धांत ती फार पुढे गेली नाही. याच शहरात शिकलेली नेत्रा कुमनन पुढे 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरली. नौकाविहारात ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला. तिच्या शर्यती आमच्या घरी पाहिल्या गेल्या. वारा कोणत्या बाजूने आहे यावर मायलेकींचे जोरदार मतभेद झाले.

2013 मध्ये मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि ऑप्टिमिस्ट विकायला काढली. ती घ्यायला एक तरुण गृहस्थ आले, बरोबर सात वर्षांचा मुलगा होता. त्यांनी होडी सगळीकडून ठोकून पाहिली, शिडाची ठिगळे मोजली आणि मग थोडे संकोचून मला विचारले, “याच्यासोबत मलाही यात बसता येईल का?” मी मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “बसून बघा ना, अंकल.” ते मुलाला घेऊन बसले. होडीची कड पाण्याला टेकली आणि त्यांच्या पायांशी पाणी आले. मुलगा खदखदून हसू लागला. गृहस्थ क्षणभर तसेच बसून राहिले, मग सावकाश धक्क्यावर चढले. माझ्या मुलीने तेलाचा डबा त्या मुलाच्या हातात दिला आणि पाणी कसे उपसायचे ते त्याला दाखवू लागली.